डाव्या सीटवरचा अनुभव

गाडी घेताना शोरूममधला मुलगा मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. “सर, आता तुम्हाला काहीच करायचं नाहीये.” हे वाक्य मी ह्याआधी दोनच ठिकाणी ऐकलं होतं. एकदा स्वतःच्या लग्नात आणि एकदा ऑपरेशनच्या टेबलावर. दोन्हीकडे पुढे बरंच काही निस्तरावं लागलं.

तरी मी गाडी घेतली. पुढे रडार, काचेच्या वरच्या बाजूला कॅमेरा. पुढचं वाहन हळू झालं की ही हळू होते, ते पळालं की ही पळते. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध राहते आणि तशीच वेळ आली तर आपणहून ब्रेक मारते. वयाच्या ५८व्या वर्षी माणसाला दुसरं काय हवं असतं? कुणीतरी आपलं ऐकावं अशी अपेक्षा एव्हाना सुटलेली असते. निदान आपल्याऐवजी कुणीतरी ब्रेक मारावा.

कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर मी मोठ्या तोऱ्यात ऐंशीचा वेग लावला, पाय आखडून घेतले आणि सौभाग्यवतींकडे अशा नजरेने बघितलं की जणू ते रडार मीच रात्री जागून बनवलंय. गाडीने पुढच्या ट्रकपासून सुरक्षित अंतर ठेवलं. आता, दोन वाहनांमधली जागा रिकामी ठेवणं हा आपल्याकडे मागच्यांचा अपमान समजतात. लगेच एक टेम्पो त्या जागेत शिरला. गाडीने नम्रपणे वेग कमी करून टेम्पोपासून सुरक्षित अंतर ठेवलं. त्यात एसटी शिरली. गाडीने एसटीला मान दिला. त्यात दुधाचे कॅन लटकवलेली मोटरसायकल शिरली आणि तिच्यावरच्या गृहस्थांनी वळून आमच्याकडे बघितलं, बहुधा आभार मानायला. आमची गाडी इतकी सुसंस्कृत निघाली की असंच चाललं असतं तर साताऱ्याला निघालेले आम्ही संध्याकाळी स्वारगेटला पोहोचलो असतो.

“अहो, मागचा हॉर्न वाजवतोय, ऐकू येत नाही का?”

“येतंय. पण मी चालवत नाहीये.”

“मग कोण चालवतंय?”

ह्या प्रश्नावर जगभरच्या प्रयोगशाळांत आणि कोर्टांत गंभीर चर्चा चालू आहे, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात खड्डा आला.

खड्डा चुकवायला मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. इंडिकेटर न देता पट्टी ओलांडणारा माणूस पेंगुळलेला असणार, अशी गाडीची प्रामाणिक समजूत आहे. म्हणून तिने स्टिअरिंग हळूच डावीकडे ओढलं आणि आम्हाला नेमकं खड्ड्यात नेऊन सोडलं, अगदी पट्ट्यांच्या मधोमध. आता मी आधी इंडिकेटर देऊन मग खड्डा चुकवतो. एरवी वळतानासुद्धा इंडिकेटर न देणारा मी खड्ड्यांना मात्र रीतसर पूर्वसूचना देतो. मागच्यांना वाटतं मी वळणार. ते थांबतात. मी सरळ जातो. मग ते जवळ येऊन काच खाली करायला सांगतात.

दसऱ्याला वेगळाच घोळ झाला. गाडीची पूजा झाली, पुढे झेंडूचा भरघोस हार घातला, खाली लिंबू-मिरची बांधली. गाडी सुरू केल्याबरोबर पडद्यावर सूचना आली की रडार झाकलं गेलंय, सबब सर्व सुरक्षा यंत्रणा बंद. म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून जे बांधलं, त्यानेच गाडीची दृष्टी गेली. हार काढावा की सुरक्षा सोडावी, यावर घरात मतदान झालं आणि हार निवडून आला.

लांबच्या प्रवासाला कधीमधी बोलावतो ते आमचे ड्रायव्हरमामा. तीस वर्षं ट्रक, टेम्पो, ट्रॅव्हल्स, सगळं चालवून झालेला माणूस. त्यांच्या पायाखाली गाडीने एकदा आपणहून ब्रेक मारला. मामांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, चपला काढल्या आणि हात जोडून माझ्याकडे आले.

“साहेब, ह्या गाडीला वारं येतं.”

मी त्यांना रडार, कॅमेरा, संगणक सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. अंगात आलेल्या माणसाच्या नातेवाइकांचं ऐकतात तसे. पुढे मी असंही सांगितलं की घाबरायचं कारण नाही, बिनचालकाच्या गाड्या इथे येऊ देणार नाही असं नितीन गडकरींनी जाहीरच करून टाकलंय, लाखो चालकांच्या पोटावर पाय येईल म्हणून. मामा म्हणाले, “आमच्या पोटाला गाडीची भीती नाही साहेब. तुम्ही घरचेच चालवता, त्याची आहे.”

इथे थोडी माहिती देणं भाग आहे, कारण ती मला गाडी घेतल्यानंतर कळली. वाहनं स्वतःहून किती चालतात याच्या जगात शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवल्या आहेत. शून्याला सगळं माणूस करतो. पाचला माणसाने काहीच करायचं नसतं. आपल्याकडे शोरूममध्ये कौतुकाने दाखवतात ती दुसरी पातळी. ह्या पातळीत गाडी वेग सांभाळते, पट्ट्यांत राहते, पण जबाबदारी पूर्णपणे चालवणाऱ्याची. म्हणजे काम तिचं आणि दंड माझा. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढल्यामुळे ही व्यवस्था मला लगेच समजली. आपण सही करणारे अधिकारी.

आमचे चिरंजीव वय वर्षं २३. त्यांना हे मान्य नाही. ते चालवायला शिकले तेच क्लच नसलेल्या गाडीवर. गिअर बदलताना गाडीने गचके खात बंद पडणं आणि मागे रिक्षावाल्याने आपल्या कुळाचा उद्धार करणं, हा जो प्रत्येकाचा उपनयनविधी असतो तो त्यांचा झालेलाच नाही. ते हात मांडीवर ठेवून बसतात. हात स्टिअरिंगवर ठेवा, असं गाडी सांगते. ते पाण्याची बाटली स्टिअरिंगच्या दांडीत खोचतात. हाताचं वजन आहे असं गाडीला वाटतं आणि ती समाधान पावते.

“अरे, हात ठेव!”

“बाबा, सिस्टमवर ट्रस्ट ठेवा जरा.”

ह्या मुलाचा स्वतःच्या आईने कुकरला दिलेल्या शिट्ट्यांवर विश्वास नाही, तो उठून मोजतो. पण समोरच्या कंटेनरखाली आपण जाणार नाही, हे गाडीने सांगितलं की त्याला पटतं. गाडीला काय जमत नाही ते त्याने अजून पाहिलेलं नाही, हाच त्याचा आत्मविश्वास. चालत्या गाडीत ड्रायव्हरची सीट सोडून मागे जाऊन बसणाऱ्या तरुणांची चित्रफीत त्याने मला कौतुकाने दाखवली. मी घाबरलो. तो म्हणाला, “व्ह्यूज बघा ना किती आहेत.”

दुसऱ्या टोकाला अप्पा. माझे वडील, वय ८१. ते शिकले फियाटवर, जिचा गिअर स्टिअरिंगच्याच दांड्यावर असायचा आणि थंडीत चोक ओढून जिची मनधरणी करावी लागायची. उजवीकडे वळायचं तर अप्पा अजूनही खिडकीबाहेर हात काढतात. आपल्या कायद्यात चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरी दाखला लागतो आणि पंचावन्न ओलांडली की नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांचं होतं. अप्पांना दाखला देणारे डॉक्टर अप्पांपेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत. तपासणीच्या दिवशी दोघंही एकमेकांकडे बघून ‘चांगला आहेस की’ म्हणाले आणि शिक्का उमटला.

पण गाडीसोबत आलेलं ते जाडजूड माहितीपुस्तक आमच्या घरात फक्त अप्पांनी वाचलं. पहिल्या पानापासून, लाल पेन्सिल घेऊन. मुसळधार पावसात, दाट धुक्यात, धुळीत, सूर्य समोरून असताना, पट्टे पुसट असताना, तीव्र वळणावर ही यंत्रणा काम करेलच असं नाही, ह्या वाक्यांखाली त्यांनी रेघा मारल्या. मग चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे मार्गशीर्षात सकाळी नऊ ते अकरा चालेल.”

अप्पांचं आणि गाडीचं पटत नाही. ती स्टिअरिंग ओढते, ते घट्ट धरतात. ती टुंई करते, ते “हो हो, दिसतंय” म्हणतात. एकदा पडद्यावर कॉफीच्या कपाचं चित्र आलं, तुम्ही थकलेले दिसता, विश्रांती घ्या. अप्पा दुखावले. “मी थकलोय हे ही कोण ठरवणार? हिचं वय काय?” त्यानंतर ते गाडीत बसले की आधी सगळ्या यंत्रणा बटण दाबून बंद करतात. एवढ्या पैशात त्यांनी गाडीची फियाट करून दाखवलीय.

ह्या तीन पिढ्यांत गाडी कुणाच्या हाती सुरक्षित, हे घरात ठरेना. तेव्हा मी अभ्यासाला लागलो. निवृत्तीजवळ आलेल्या माणसाला अभ्यास हा घरकामाला सर्वमान्य पर्याय आहे.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात दोन संशोधकांनी चालकांना नकली गाडीत बसवलं, गाडी आपोआप चालवली आणि मधेच सांगितलं की आता ताबा घ्या. घाई मुद्दाम केली नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात कुणी १.९ सेकंदांत ताबा घेतला, तर कुणाला २५.७ सेकंद लागले. ताशी शंभरच्या वेगात २५.७ सेकंद म्हणजे सातशे मीटरहून जास्त. तेवढ्या अंतरात आमच्या इथे तीन स्पीडब्रेकर, एक मंगल कार्यालय आणि उलट दिशेने येणारे दोन सन्माननीय नागरिक भेटतात. मी हे हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पंचवीस सेकंदांत? तुम्हाला ‘अहो’ म्हटल्यावर पेपरातून डोकं वर काढायलाच त्याहून जास्त लागतात. ताबा पुढची गोष्ट.”

मी विषय बदलून म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाकडे वळलो. तिथे २०१६ साली तरुण आणि साठीच्या पुढचे चालक अशी तुलना झाली होती. तरुण जिंकणार असंच सगळ्यांना वाटेल. पण ताबा घ्यायला ज्येष्ठांना तरुणांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. फरक एवढाच की ज्येष्ठांनी ब्रेक अधिक वेळा आणि अधिक जोरात मारले आणि पुढच्या संकटापासून अंतरही जास्त राखलं. हे मी अप्पांना सांगायला नको होतं. त्यांनी ते पान छापून घेतलं, घडी करून लायसन्ससोबत पाकिटात ठेवलं आणि तेव्हापासून ते सोसायटीच्या गेटातही अधिक जोरात ब्रेक मारतात.

खरी मेख मात्र त्याहून जुन्या कागदात सापडली. १९८३ साली पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. त्याच वर्षी लिझान बेनब्रिज ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वयंचलनातल्या विसंगतींवर एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की सोपी कामं यंत्राला दिली की माणसाकडे उरतं ते सगळ्यात कठीण काम: काहीही न करता डोळ्यांत तेल घालून बघत बसणं आणि यंत्राला जमेनासं झालं की क्षणात धावून जाणं. त्यात सराव सुटल्याने हातचं कसबही गेलेलं. त्याच्या बरंच आधी, १९४८ साली, नॉर्मन मॅकवर्थ ह्यांनी रडारपुढे बसणाऱ्यांचा प्रश्न समजावा म्हणून माणसांना घड्याळासारख्या काट्याकडे बघत बसवलं होतं. काटा मधेच दुप्पट उडी मारी, ती टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या उड्या निसटू लागल्या.

हे वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण हातात काहीही नसताना, पायाखाली ब्रेक नसताना, तासन्‌तास रस्त्यावर नजर रोखून धरणारी आणि वेळ येताच ओरडणारी एक व्यक्ती मी रोज बघत होतो. माझ्या डाव्या हाताला.

हिने लायसन्स माझ्याही आधी काढलंय. पण गाडी चालवायची वेळ आली की कधी ट्रॅफिक असतो, कधी अंधार पडत आलेला असतो, कधी पाऊस असतो, कधी रस्ता नवीन असतो, कधी रस्ता जुना पण खराब असतो. “तू चालव ना, मी कुठे नको म्हणतो, फक्त आज नको,” असं मी प्रेमाने सांगत आलोय. परिणामी आमच्या लग्नाच्या वयाइतका हिला डाव्या सीटचा अनुभव आहे. तिथे पेडल नाही, पण त्या जागची रबरी मॅट झिजून आरपार झालीय. बाकीचे आम्ही सगळे चालवण्यात तयार झालो. न चालवता चालवण्यात तयार झालेली ही एकटीच. आणि नवीन गाड्यांना नेमका तसाच माणूस लागतो. आरटीओच्या अंगणात आठाचा आकडा काढून दाखवणाऱ्याला लायसन्स मिळतं. शेजारी बसून, हात न लावता, पुणे ते कोल्हापूर एकही उडी न निसटू देणाऱ्याची परीक्षा कुणीच घेत नाही.

परीक्षा शेवटी कराडच्या अलीकडे झाली. जानेवारी, दिवेलागण. मी स्टिअरिंगवर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसपास. मागे चिरंजीव कानात बोंडं घालून, आणि अप्पा. गाडी नव्वदने पट्ट्यांच्या मधोमध, माझे पाय आखडलेले, मनात पांढरा रस्सा. त्या भागात कारखाने सुरू असले की रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. एकामागे एक दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना चमकणारी पट्टी, ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबत असतो आणि पुढे ट्रॅक्टरवर गाणी अशी लावलेली की साखर कारखान्यालाही ऐकू जावीत. संधिप्रकाशात ते सगळं झाडीच्याच रंगाचं दिसतं.

“अहो, ऊस!”

दोनच शब्द. मला वाटलं रसवंती आली. मी डावीकडे बघितलं.

“पुढे! पुढे!!”

मग मात्र मी असा ब्रेक दाबला की आखडलेले पाय कायमचे सरळ झाले. आम्ही थांबल्यात जमा झालो तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं चमकली, टुंई टुंई झालं, म्हणजे यंत्रणेचाही आता ठराव मंजूर झाला होता. तिला ट्रॉली आधी दिसली असेलही. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस ट्रॉलीत धरायचा की नाही, यावर तिचा विचार चालू असावा. माझ्या पाठीत काहीतरी रुतत होतं, तो अप्पांचा पाय होता. त्यांनी मागच्या सीटवरून ब्रेक मारला होता, अधिक जोरात. ट्रॅक्टर गाणी म्हणत पुढे निघून गेला, त्याला काहीच कळलं नाही. बऱ्याच वेळाने, म्हणजे साउदॅम्प्टनच्या हिशेबाने २५.७ सेकंदांनी, चिरंजिवांनी कानातलं एक बोंडूक काढलं.

“काय झालं?”

मी हिला विचारलं, “तुला एवढ्या लांबून दिसलं कसं?” ती म्हणाली, “तुम्ही गाडीच्या नाकासमोर बघता. मी लांबवर बघते. मला ब्रेक नाहीये.” १९७२ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी चालकांच्या नजरेचा माग काढला होता. नवशिके गाडीच्या जवळचं आणि थोडंसंच बघतात, आरशांकडे कमी बघतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे माझा अनुभव किती वर्षांचा, हा मुद्दाही आता निकालात निघाला.

कोल्हापुरात रात्री बैठक झाली. अध्यक्ष अप्पा. त्यांनी पाकिटातून ते म्युनिकचं पान काढून टेबलावर ठेवलं आणि निर्णय सांगितला. उद्यापासून गाडी सूनबाई चालवतील. अंधार असो, पाऊस असो, रस्ता नवा असो की जुना. डाव्या सीटवर लक्ष ठेवायला मी. “मी” म्हणजे अप्पा. मला वाटलं ती जागा तरी माझी. मी तसं म्हणालोही. हिने मॅकवर्थची आठवण काढली. अर्धा तास तरी जागा राहशील का, असं अप्पांनी विचारलं. मग चिरंजिवांनी, ज्यांना मी जन्म दिला त्यांनी, पेठ नाक्यापर्यंतच मी घोरायला लागतो, अशी साक्ष दिली.

तेव्हापासून आमची गाडी फार छान चालते. पट्टी ओलांडली तर ती टुंई करते, त्याआधी अप्पा “सूनबाई” म्हणतात आणि त्याच्याही आधी हिने इंडिकेटर दिलेला असतो. मी मागे बसतो. पाचव्या पातळीत माणसाने काहीच करायचं नसतं, आणि ती पातळी यायला अजून बरीच वर्षं लागतील असं जे तज्ज्ञ म्हणतात, त्यांनी आमच्या मागच्या सीटवर एकदा बसून बघावं. पट्टा लावून.